यमीमाबाईंचा शुक्रवार

पेढा घशाखाली उतरला, आणि मग यमीमाला आठवलं की आज शुक्रवार आहे.

आधी नाही. नंतर. वेलचीचा एक दाणा दाढेत अडकला होता, तो जिभेनं काढता काढता. शाळेच्या ऑफिसातला पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, पुढ्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा गठ्ठा होता, आणि ऑफिसातला कौस्तुभ पेढ्यांचा खोका घेऊन पुढच्या टेबलाकडे वळलाही होता. "भाचीचे आहेत मॅडम. मुलगी झाली म्हणून बर्फी वाटायला मी काय जुन्या काळातला आहे का?" असं तो म्हणाला होता, ती हसली होती, हात पुढे केला होता आणि खाल्ला होता. एवढंच. दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात याला काही घडलं असंही म्हणत नाहीत. तिनं मान खाली घालून पुढच्या दाखल्यावर जन्मतारीख लिहिली, अंकी लिहिली, अक्षरी लिहायला घेतली आणि पेन थांबलं. पेढ्याचं एक वेळ असू दे. हात चुकतो, तोंड चुकतं. पण सकाळचा चहा? सकाळी तिनं चहा केला होता. त्यात दोन टोस्ट बुडवून खाल्ले होते. दुसऱ्याचा तुकडा कपात पडला तो चमच्यानं काढला होता. भेंडी चिरली होती. टेबलाखालची पिशवी तिनं पायानंच जवळ ओढली आणि वरून चाचपली. डबा. शुक्रवारी कधीच नसलेला डबा. म्हणजे चूक पेढ्याची नव्हती. आख्खा शुक्रवार तिच्या हातून सांडला होता, पहाटे साडेपाचपासून, आणि सांडल्याचा आवाजसुद्धा झाला नव्हता.

अकरा वर्षं. गुरुवारी रात्री जेवून उठलं की शनिवारच्या सकाळपर्यंत अन्न नाही, आणि शुक्रवारचा सूर्य मावळेपर्यंत पाणीही नाही. ताप आला तेव्हा नाही. बदलीच्या चौकशीला बोलावलं त्या दिवशी भर उन्हात रांगेत उभी होती तेव्हा नाही. नवरा गेला तो शुक्रवारच होता. शेजारणीनं कप ओठाला लावला तर तिनं तोंड फिरवलं होतं, आणि त्या दुःखातही तिला कळलं होतं की बायका हे बघताहेत. पेठेतल्या त्यांच्या चर्चमध्ये 'यमीमाबाईंचा शुक्रवार' असं एखाद्या सणाचं नाव घ्यावं तसं म्हणत. बायका उपासना संपली की पदर सावरत जवळ येत. "ताई, तुमच्या शुक्रवारात आमच्या सुनेलाही घाला, दिवस राहिनात तिला." ती घालायची. पण शुक्रवार होता एकाच माणसासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा मुलगा शमुवेल देवाची सेवा सोडून गेला होता. तो परत यावा.

आणि आज तो तिला आठवला नव्हता. उठल्यापासून साडेअकरापर्यंत, एकदाही. तिनं सकाळ उलटीपालटी करून झटकून बघितली, कुठे तरी, नळाखाली, जिन्यात, सिग्नलला, कुठे तरी शमूचं नाव पडलेलं असेल, नव्हतं. उलट सकाळ चांगली गेली होती. ऊन कोवळं होतं, तिला बसमध्ये खिडकी मिळाली होती. तेच भयंकर होतं. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, पोटातून, थंड: मग आज त्याला कुणी धरलं होतं? सहा तास तो कुणाच्याही हातात नव्हता. तिनं फोन लावला. फोन कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर होता. पुन्हा लावला. तो राहायचा त्या कोळवणला फोन कधी लागतो, कधी नाही, हे तिला माहीत होतं. माहीत असून तिनं तिसऱ्यांदा लावला. "घरी बरं नाही," असं सांगून तिनं अर्धी रजा टाकली आणि डबा तिथेच टेबलाखाली ठेवून निघाली.

पौडची बस. चांदणी चौकाच्या पुढे बस मोकळी धावू लागली तशी तिची प्रार्थना सुरू व्हायला हवी होती, ती होईना. शब्द यायचे आणि पेढ्याला अडखळायचे. कसं म्हणणार? प्रभू, त्याला सांभाळ, मी आज जेवले आहे, पण सांभाळ. हे वाक्य पुरं होत नव्हतं. भूगाव गेलं. मंगल कार्यालयांच्या कमानी गेल्या. देवापुढे काही ठेवल्याशिवाय मागायची सवय तिला राहिली नव्हती. आणि ठेवायला आज काही नव्हतं. खरं तर पहिल्यांदा मागितलं तेव्हाही तिचे हात रिकामेच होते. कापणीच्या उपासनेला वेदीपुढे भोपळे, कोंबड्या, नव्या तांदळाच्या पाट्या मांडल्या होत्या, आणि ती, तीन बाळंतपणं होऊन घरात एक पाळणा नसलेली (तिसरं तर रडलंही नव्हतं, नर्सनं त्याला उलटं धरून थोपटलं, थोपटलं, मग थांबली), ती चोवीस वर्षांची यमीमा बायकांच्या बाजूनं उठली आणि भरल्या चर्चमध्ये मोठ्यानं म्हणाली, "माझ्याकडे आणायला काही नाही. मुलगा दिलास तर तोच आणून देईन." शास्त्रात एका बाईनं असंच म्हटलं होतं. तिला ते वाचून सुचलं होतं की तिच्या पोटातून आलं होतं, हे तिला आज सांगता आलं नसतं. पुढच्या कापणीला मुलगा मांडीवर होता. पाळकसाहेबांनी त्याला दोन्ही हातांवर उचलून सगळ्यांना दाखवला. नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता; शास्त्रातल्या त्या बाईच्या मुलाचंच, शमुवेल. दर वर्षी ती त्याला नवा पांढरा सदरा शिवायची, वाढत्या अंगाचा, आणि तो घालून तो वेदीपुढे उभा राहून वचनं म्हणून दाखवायचा, बायका डोळे टिपायच्या. देवाला दिलेलं मूल. पण रोज रात्री त्याचे पाय चेपून देवाला दिलेलं मूल कुशीत कोण घ्यायचं? सदऱ्याचं माप कोण घ्यायचं? पिरंगुटला बस थांबली, उरवड्याच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणारी माणसं हिंदीत बोलत उतरली, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी झाली.

अठराव्या वर्षी तो धर्मशास्त्र शिकायला गेला. विसाव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा. उन्हानं तोंड लाल. "आई, मला तिथे देव सापडत नाही. डोळे मिटले की फक्त तू दिसतेस." तिला ही स्तुती वाटली होती, काही क्षण, मग कळलं ते काय होतं. तिनं त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं, आणि तो जेवत असताना म्हणाली, "येत्या शुक्रवारपासून मी उपास धरते. तू परत जाईपर्यंत." त्याचा हात ताटात थांबला होता. तिला दिसलं होतं. तिला तेव्हा वाटलं, लागू पडतंय.

लागू पडलं नाही. तो गेला, कुठल्या कुठल्या नोकऱ्या केल्या, शेवटी मुळशीच्या बाजूला टिकला. पुण्याच्या लोकांनी कोळवणच्या खोऱ्यात बंगले बांधलेत, त्यातल्या पाचांची तो देखभाल करतो; बागेला पाणी, शनिवारी मालक यायच्या आत झाडलोट, मोटारी, दिवे. तिथल्याच धम्मदीपाशी त्यानं नोंदणी करून लग्न केलं. ती उपकेंद्रात नर्स. लग्नाला यमीमा गेली नाही. एकदा मात्र गेली होती, नात झाली तेव्हा, आणि तो शुक्रवार होता. तिथे तिनं पाणीही घेतलं नाही.

साक्ष मात्र तयार होती. तिच्या मंडळीत रिवाज होता. मागणं पुरं झालं की माणसानं सर्वांसमोर उभं राहायचं आणि देवानं काय केलं ते सांगायचं. यमीमाची साक्ष अकरा वर्षं तयार होती आणि दर काही महिन्यांनी ती सुधारून घ्यायची, भांडी घासताना, बसमध्ये, कधी कधी उपदेश चालू असताना. पहिला खर्डा लहान होता: बंधूंनो आणि भगिनींनो, माझा मुलगा दूर गेला, पण कावीळ झाली आणि अंथरुणात त्याला. दुसरा: नोकरी गेली, एका रात्री दारात येऊन म्हणाला, आई. तिसरा लग्नानंतरचा: बायको सोडून गेली तेव्हा त्याला कळलं की. चौथा (हा बराच काळ टिकला): अपघात झाला, दोन्ही पाय, पण देवाची दया, पाय वाचले आणि त्याचबरोबर. कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा होऊ द्यायचा, कुठे चष्मा काढायचा, सगळं बसलं होतं. फक्त तो यायचा बाकी होता.

पौडला उतरून ती कोळवणच्या जीपमध्ये बसली. कापणी चालू होती. निम्मी खाचरं पिवळी उभी, निम्मी कापून आडवी, आणि इंद्रायणी तांदळाचा वास गाडीत शिरून बसला होता, गोड, धुरकट, पोटाला हात घालणारा. तिला भूक लागली होती. शुक्रवारची भूक तिला पाठ होती, ती दुपारी बाराला यायची, दोनला कपाळात जायची आणि चारनंतर हलकी, स्वच्छ व्हायची. त्या स्वच्छतेत बसायला तिला आवडायचं, इतकं की शनिवारचा पहिला घास तिला घाणेरडा लागायचा. आजची भूक तशी नव्हती. नुसती जेवायची वेळ झाल्याची. कुणाचीही.

जुने पाळकसाहेब निवृत्त व्हायच्या आधी एकदा घरी आले होते, शुक्रवारीच. त्यांनी चहा मागून घेतला, तिच्यासमोर सावकाश प्याले आणि म्हणाले, "यमीमाबाई, मुलगा देवाला दिलात ना?"

"दिला की. तुमच्याच हातात दिला."

"मग देवानं त्याचं काय केलं, हे विचारणाऱ्या तुम्ही कोण?"

ती हसली नव्हती. त्यानंतर त्यांच्याशी बोललीही नव्हती. म्हातारपणी माणसं देवाला स्वस्त करतात, असं ती कुणाला तरी म्हणाली होती, आणि ते त्यांच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणाली होती.

बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर. अंगणात ताडपत्रीवर भात वाळत घातला होता आणि केशरबाई, धम्मदीपाची आई, पायानं तो हलवत फिरत होती. तिनं यमीमाला बघितलं, पाय थांबवले नाहीत.

"या. वाट चुकलात जनू."

"शमू कुठे आहे?"

"हाय की. वरच्या बंगल्यावर गेलाय. पान्याची मोटार बिगाडलीया, मालक उद्या येनार."

"बरा आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीया?" केशरबाई आता थांबली, तिच्याकडे निरखून बघू लागली. "तुमचं त्वांड आसं का झालंय? कोन गेलं का?"

"नाही, नाही. फोन लागेना."

"फोन! हितं देवाला बी रेंज न्हाई." ती हसली, आत गेली, आणि उंबऱ्यातच पुन्हा वळली. "पानी देऊ? का आज बी तुमचा शुक्रवारच हाय?"

यमीमा ओट्यावर बसली होती. तो बरा होता. मोटार दुरुस्त करत होता. तिच्या हातून सहा तास निसटला होता आणि त्याला काहीही झालं नव्हतं. आकाशात काही हललं नव्हतं. तिला रडू यायला हवं होतं, आभाराचं. त्याऐवजी आत कुठे तरी एक पायरी मोजताना चुकल्यासारखं झालं.

"द्या पाणी," ती म्हणाली.

केशरबाईनं तांब्या आणला. यमीमानं तोंडाला लावून सगळं पाणी संपवलं तोवर ती कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. मग शेजारी टेकली. "येक सांगू का, राग नका धरू. मागल्या टायमाला तुमी पानी शिवला न्हाई, तवा म्या रातभर जागी. म्हनलं, बाई पुन्याची, हापिसातली, आमच्या हातचं चालत न्हाई तिला. पोरगी म्हनली, आये, उपास हाय त्यांचा. म्हनलं, आसंल. पन आपुन दोगी येकाच वाटंच्या की वो. तुमच्या आज्यानं तुमचा देव धरला, आमच्या बापानं बुद्ध धरला. कशापायी? कुनी तरी पानी न्हाई दिलं म्हनूनच ना? आन मंग घरात येऊन पानी न्हाई म्हनल्यालं... लई लागतंय."

यमीमानं रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला. त्या दिवशी तिनं तांब्या हातानं बाजूला सारला होता, हे तिला आठवत होतं, आणि सारताना चेहरा कसा शांत ठेवला होता हेही. देव बघत होता म्हणून शांत. केशरबाई बघतेय, हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

"आन त्यो बी तसलाच," केशरबाई पुढे म्हणाली, तांब्या पालथा घालत. "शुक्रवारी जेवत न्हाई."

"कोण?"

"कोन म्हंजे? तुमचा ल्योक. लगीन झाल्यापास्नं बगतीया. आदी म्हनायचा पोट बिगाडलंय. आवं, सा वर्सं दर शुक्रवारी पोट बिगाडतंय व्हय? येकदा चांगलं फैलावर घेतलं तवा म्हनला, मावशे, तिकडं आई उपाशी हाय, मला घास जात न्हाई. म्हनलं, मंग पुन्याला जा, दोगंबी येका ताटात जेवा, आमच्या पोरीला कशाला घोर?"

विहिरीत सोडलेल्या दोराला खाली ओझं लागावं तसं झालं यमीमाच्या हाताला. खरंच हाताला. दोर ताणला. ओझं होतं. अकरा वर्षं तिला वाटायचं खाली नुसता अंधार आहे, आणि तो होता, धरून होता, दर शुक्रवारी, तिच्याइतकाच. तिला इतका आनंद झाला की तिनं ओट्याची कड पकडली. आणि त्या आनंदातच, तिला न विचारता, साक्ष सुरू झाली, नवा खर्डा, आपोआप, स्वच्छ आवाजात: बंधूंनो आणि भगिनींनो, मला ठाऊक नव्हतं, पण माझा मुलगाही गुप्तपणे उपास करीत. इथे थांबायचं. इथे चष्मा. बायकांच्या बाजूनं हुंदका ऐकू आला. तिला तो स्पष्ट ऐकू आला. तो उपाशी होता आणि तिला हुंदका ऐकू येत होता.

मग बाकीचे खर्डे आले. ओळीनं उभे राहिले तिच्यापुढे, जणू हजेरी होती. कावीळ. नोकरी. बायको. दोन्ही पाय. अकरा वर्षांत एकदाही, एकाही खर्ड्यात तो नुसता, धडधाकट, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन तिच्याकडे आला नव्हता. प्रत्येक वेळी त्याला काही तरी व्हावं लागत होतं. ती काय मागत होती इतके शुक्रवार? कुणापाशी? आणि देवानं, ज्याला ती रोज बाप म्हणायची त्यानं, हे मागणं पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं होतं आणि दिलं नव्हतं. दिलं नव्हतं. आज सकाळी ऑफिसात तिच्या पोटात जे थंड उतरलं ते नुसती भीती होती, असं तिला आता शपथेवर सांगता आलं नसतं. त्या भीतीत तयारी होती. चष्मा कुठे काढायचा ते ठरलेली तयारी.

तो बांधावरून आला. हातात पाना, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. गळ्याची हाडं वर आलेली. गावात त्याला शामराव म्हणत, आणि वाटेत कुणीतरी तशी हाक मारली, त्यानं हात वर केला. हे नाव असलेला माणूस यमीमाला नवा होता. तो लांबून येत होता तोवर तिनं त्याला बघून घेतलं.

"आई?" तो धावलाच. "काय झालं? कोण?"

"कुणी नाही. आले सहज."

"शुक्रवारी? उपाशीपोटी एवढ्या लांब? चक्कर आली असती म्हणजे?"

"मी उपाशी नाही."

तो दोन पावलं अलीकडेच थबकला.

"सकाळी चहा-टोस्ट खाल्ले. ऑफिसात पेढा खाल्ला. डबासुद्धा भरून घेतला होता."

"डॉक्टरनं सांगितलं का काही? शुगर?"

"नाही रे. विसरले."

"काय विसरलीस?"

"शुक्रवार," ती म्हणाली. आणि इथे थांबता आलं असतं. "आणि तुलाही. सकाळभर तू आठवलाच नाहीस मला."

शमू हसला. पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बरं झालं की. सुटलीस एकदाची. मी किती वर्षं सांगत होतो." तो नळापाशी गेला, चावी उघडली, बंद केली, हात धुतलेच नाहीत. पाठ तिच्याकडे होती. मग तो म्हणाला, आणि तो आवाज एकतीस वर्षांच्या माणसाचा नव्हता, "पण अशी कशी विसरलीस?"

भात हलवणारे केशरबाईचे पाय थांबले. यमीमा उठली. तिला वाटलं, आता जाऊन याला पोटाशी धरावं. नाही विसरले, खोटं बोलले, विसरेन कशी, म्हणावं. पुढच्या शुक्रवारी दुप्पट धरेन, म्हणावं. एवढंच ऐकायला तो तिथे पाठ करून उभा होता. एक वाक्य, आणि दोर पुन्हा ताठ. दोघांना धरायला काही तरी झालं असतं. तिनं तोंड उघडलं आणि केशरबाईकडे वळून म्हणाली, "मला वाढता का? भूक लागली आहे."

"आगं बया," केशरबाई म्हणाली. "वाढते की. घेवड्याची आमटी हाय, नवा भात हाय. सुकटीची चटनी चालंल ना?" आणि जाता जाता, "शामू, तू बी हात धू. आई जेवतीया आता, आता कसला उपास?"

तो आला, तिच्यासमोर बसला. दोन ताटं आली. वाफ. यमीमाच्या जिभेवर वाक्य तयार होतं, सगळ्या आया म्हणतात ते, निरुपद्रवी: तू खाल्लंस तरच मी खाईन. ते तिनं तसंच गिळलं. ते तोंडातून गेलं असतं तर तोच फास, फक्त दुसऱ्या टोकानं. तिनं डोळे मिटले. जेवणाआधीची दोन ओळींची प्रार्थना तिला लहानपणापासून येत होती. आज तिच्यातला एकच शब्द उरला, 'घे'. काय घे, ते आलं नाही. तिनं आमटी कालवली आणि पहिला घास घेतला.

शमू तिच्या हाताकडे बघत होता. दुसरा घास. तिसरा. त्यानं स्वतःच्या ताटातला भात बोटानं थोडा कडेला सारला, पुन्हा मध्ये आणला. त्याचे डोळे भरले होते की वाफ होती. ती खात राहिली. इतकं अवघड जेवण ती कधी जेवली नव्हती. प्रत्येक घास त्याच्याकडून काढून घेतल्यासारखा जात होता.

"भूक नाही मला," तो म्हणाला आणि उठला. "मोटार अर्धी उघडी टाकून आलोय."

"शामू!" केशरबाई ओरडली. "भरल्या ताटावरनं उटतुया?" मग यमीमाला: "आवं, थांबवा की त्याला. तुमचं ऐकंल."

ऐकलं असतं. यमीमाला ते पक्कं माहीत होतं. ती मान खाली घालून म्हणाली, "थोडा भात वाढा." केशरबाईनं एकदा बांधाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि पळीभर भात वाढला. शमूचं ताट केशरबाईनं झाकून चुलीपाशी ठेवलं. यमीमानं आपलं ताट स्वतः घासलं. केशरबाई नको म्हणाली नाही. ओट्यावर ऊन सरकलं. धम्मदीपा आणि नात जुईली साडेपाचला येतील, थांबा, असं केशरबाई म्हणाली. यमीमा म्हणाली, पुन्हा येईन, कुठल्याही वारी. बांधापलीकडचा तो बंगला इथून दिसत नव्हता. झाडं मध्ये होती. तिनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि मग लक्षात आलं की ती तिकडेच बघते आहे.

साडेतीनची जीप. ड्रायव्हर "पौड, पौड, बसा मावशी" करत होता आणि मागच्या बाकावर माणसं दाटीनं सरकत होती. तेव्हा शमू आला. मळलेली पँट बदललेली. घरावरूनच आला असावा. किंवा बंगल्यावर दुसरी ठेवत असेल. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते. ते जेवून धुतलेले असतील. मोटारीचं पाणीही असेल. त्यानं तिची पिशवी आत दिली आणि खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. तिनं त्याच्या हातांवरून नजर काढली.

एकतीस वर्षं ती त्याच्याशी जे काही बोलली त्याची सुरुवात एकाच प्रश्नानं व्हायची. शाळेतून आला की. फोनवर हॅलोच्याही आधी. भांडण झालेल्या दिवशीसुद्धा, दारात, पाठमोऱ्या त्याला. जेवलास का? आत्ताही तो प्रश्न वर आला होता, दातांमागे उभा होता, आणि शमूही त्या प्रश्नाच्या वाटेवर डोळे लावून उभा होता. लहानपणी सदऱ्याचं माप देताना राहायचा तसा, ताठ, हात अंगापासून जरा दूर.

"झाली मोटार?" यमीमानं विचारलं.

"झाली. पाणी चढतंय."

"बरं."

जीप हलली. शमू दोन पावलं गजाला धरून बरोबर चालला, तिसरं पाऊल, चौथं, ती आणखी काही विचारेल म्हणून. तिनं विचारलं नाही.